लूम सुरू झाले की चित्र जायचं

नाना, तुझी पिशवी काल माझ्याकडे आली. तुझ्या तेराव्याच्या दिवशी काकूने ती खुंटीवरून काढून माझ्यापुढे ठेवली होती, पण तेव्हा तिला हात लावायचं माझं धाडस झालं नाही. मग काल तिने ती खारबावहून येणाऱ्या एका ओळखीच्या रिक्षात ठेवून दिली, सोबत पाव किलो सुकट. पाठोपाठ फोन. "त्याचा जीव पिशवीत व्हता, न्हाय तं तुझ्यात. दोनी एका जागी असूं दे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. तुझ्या घरातली माणसं फोनवर कधी लांबण लावत नाहीत. लाइन दुसऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, ही तूच लावलेली सवय.

पिशवीत सगळं जिथल्या तिथे होतं. पक्कड, तार सोलायची सुरी, काळी चिकटपट्टी, खांबावर चढताना कमरेला अडकवायचा तो जाडजूड टेस्टचा फोन, आणि तळाशी रबर लावलेला टॅगचा गठ्ठा. अगरबत्तीच्या रिकाम्या पुड्यांचे पुठ्ठे कापून तू ते करायचास. टोकाला भोक, भोकात सुतळी. टेलिफोन खात्यात असा काही नियम होता की नव्हता देव जाणे, तुझा मात्र होता. फॉल्ट सापडून दुरुस्त झाला की जागच्या जागी टॅग बांधायचा आणि त्यावर तीन ओळी लिहायच्या. फॉल्ट काय, चूक कुणाची, काढला कुणी. पुढच्या लाइनमनला कळायला हवं, असं तू म्हणायचास. दुसऱ्याने काढलेल्या फॉल्टवर स्वतःचं नाव घालणाऱ्या माणसाशी तू महिना महिना बोलायचा नाहीस. गठ्ठ्याला अजून मोगऱ्याचा वास येतो.

तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा आठवलं, की आपल्या दोघांच्या एका फॉल्टवर मी कधी टॅग पाहिलाच नाही. तीन वर्षं मी त्या दुपारबद्दल तुझ्याशी बोलले नाही आणि तूही माझ्याशी बोलला नाहीस. आता मी बोलते. तू ऐक, आणि नेहमीसारखं मध्ये "थांब गो बाय" करू नकोस.

हे दवाखान्यातून घरी आले त्याला आठ दिवस झाले होते. हे म्हणजे तुझे विलासराव, माझा नवरा, आठ लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा मालक, आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दीड महिना घरात बसवलेला. शेड आमच्या मागच्या गल्लीत, साठ-सत्तर मीटरवर. लूमची खटखट दिवसभर भिंतीतून घरात येते. एखादा लूम बंद पडला की आवाज बदलतो आणि तो बदल यांना जेवताजेवता कळायचा. पण कुठला बंद पडला, उभ्या सुताचा ताना तुटला की आडवं सूत नेणारा धोटा अडकला, ते घरात बसून कसं कळणार? घास हातात तसाच राहायचा. आठव्या दिवशी मी आंघोळीला गेले तेवढ्यात हे अनवाणी शेडकडे निघाले. आमचे मुकादम शकीलभाई यांना धरून परत घेऊन आले तेव्हा यांचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. "भाभी, सेठ को बांध के रखो," शकीलभाई म्हणाले. डॉक्टर तर त्याहून वाईट बोलले. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणायची घाई करू नका, म्हणाले.

मी शाळेत क्लार्क. माझी रजा पुढच्या सोमवारी संपत होती. मग दहा ते पाच हे घरात एकटे. बाहेरून कडी घालून कोंडायला हे काही शेळी नव्हेत, आणि कडी घातली असती तर खिडकीतून गेले असते. मी तुला फोन करून नुसती रडले. काय झालं तेही धड सांगितलं नाही. दोन तासांत तू दारात उभा, खांद्याला ही पिशवी.

तू यांच्याजवळ बसलास, चहा प्यायलास, सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "अंजूरच्या गोडाऊनला मी बगला हाय. शेठ हापिसात बसून कंपुटरवर गोडाऊन बगते. विलासरावाला शेडवर न्यायचा न्हाय ना? मंग शेड हिकडं आनू."

मला वाटलं, तू यांचं मन रमवायला बोलतोयस. पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन कल्याणला गेलास आणि आपण तो कॅमेरा घेऊन आलो. मुठीएवढा, पांढरा, सोबत एक सीडी आणि इंग्रजी पुस्तिका. दुकानदाराने कॉम्प्युटरशेजारी ठेवायला हिरव्या दिव्यांची एक डबीही दिली. दिवा लागला की समजायचं, तारेच्या पलीकडचं यंत्र जागं आहे.

दोन दिवस आपण तो नुसता टेबलावर ठेवून त्याची मनधरणी करत होतो. तुझ्या हाताने केलेली हातभर लांबीची तार, एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला आमचा मोठ्या डोक्याचा कॉम्प्युटर. दिवा लागायचा, चित्र यायचं नाही. मी पुस्तिका वाचत होते, तू माझ्या खांद्यावरून. कॅमेऱ्याला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि कॉम्प्युटरलाही असतो, आणि दोन्ही पत्ते एकाच आळीतले नसतील तर दोघं एकमेकांना ओळखच देत नाहीत, असं मी तुला सांगितलं. "म्हंजे येकाच एक्स्चेंजचं नंबर पायजेत," तू म्हणालास, आणि मला ते पुस्तिकेपेक्षा चांगलं समजलं. पत्ते जुळवले. तरी चित्र नाही. मग कॉम्प्युटरमधला राखणदार प्रोग्रॅम कॅमेऱ्याला दारातच अडवतोय हे सापडलं. त्याला मी परवानगी दिली आणि पडद्यावर एकदम काहीतरी मोठं, काळपट, केसाळ उमटलं. तो तुझा कान होता. तू कॅमेऱ्याला कान लावून आत काही वाजतंय का ते ऐकत होतास. हे ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले, टाके दुखतात म्हणून छाती धरून हसले. त्या हसण्यासाठी सुद्धा मी तुझी जन्मभर ऋणी राहिले असते.

मग लांब तार टाकायची वेळ आली. आणि इथून आपलं भांडण.

तुला माहीत आहे, मी पाढ्यांच्या आधी टेलिफोनच्या तारांचे रंग शिकले. खारबावला तू खांबावर असायचास, मी खाली तुझी सायकल धरून. तू वरून ओरडायचास, "पयला कुठला?" आणि मी खालून, "निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी!" दोरीवरच्या उड्यासुद्धा मी याच चालीवर मारायचे. मैत्रिणी हसायच्या. प्रत्येक रंगाच्या जोडीला तिचीच पांढरी तार, दोघी एकमेकींना पीळ घालून. "जोडी कवा फोडायची न्हाय," तू सांगायचास. "फोडली का येकाच्या फोनमधी दुसऱ्याची लफडी ऐकाय येतात." मी तेव्हा सात-आठ वर्षांची. लफडी म्हणजे काय ते मला पुढे कळलं, जोडी मात्र तेव्हाच कळली होती.

कॅमेऱ्याच्या तारेतही तेच रंग होते. फक्त राखाडी नव्हता. ते बघून तुझा चेहरा असा उजळला, जसं काही माहेरचं माणूस भेटलं. तू सत्तर मीटर तार गच्चीवरून गल्लीपलीकडे नेलीस, दोन्ही टोकांना आठ दातांचे ते प्लग बसवलेस, डावीकडून आपल्या क्रमाने: निळी जोडी, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, तपकिरी जोडी. प्लग इतके सुबक, की दागिन्याच्या डबीत ठेवावेत.

"नाना, पुस्तिकेत रंग वेगळे दिलेत," मी म्हटलं.

तू चष्मा लावून ते चित्र बघितलंस. पहिली जोडी नारिंगी, मग हिरव्या जोडीतली एक तार, मग मध्येच निळी जोडी, आणि तिच्यापुढे हिरव्यातली उरलेली तार.

"ह्यो येडा हाय का? हिरव्याची जोडी फोडून मधी निला घातलाय! ह्याला टेलिफोनात येक दिवस ठेवला नसता."

"पण तसंच लावा असं लिहिलंय."

"दोनी टोकांना सारखा क्रम असला का झाला. करंटला रंग कलतो का गो बाय?"

तू दिवा लावून आठही तारा तपासल्या होत्यास आणि आठही बरोबर होत्या. टेबलावरची हातभर तार तू याच क्रमाने केली होतीस आणि ती चालत होती. पुरावा सगळा तुझ्या बाजूने होता. माझ्या बाजूने एक रंगीत चित्र.

शुक्रवारी लूमना सुट्टी असते, त्या दिवशी कॅमेरा लावला. शेडच्या भिंतीवर उंच, आणि त्याच्या खाली तू लाकडी पेटी ठोकलीस, आत गाडीची जुनी बॅटरी आणि तारेचा जोड. लाइट गेली तरी कॅमेरा चालू राहायला हवा, टेलिफोनचं सगळं बॅटरीवरच चालतं, हा तुझा दुसरा नियम. पेटीला सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलंस आणि बजावलंस, की सुताची धूळ आत शिरेल, हिला कुणी हात लावायचा नाही. आम्ही घरी पळत आलो. पडद्यावर आठही लूम, ओळीने, स्वच्छ. यांनी बोटाने एकेक मोजला. मी देवापुढे साखर ठेवली.

शनिवारी सकाळी सात वाजता लूम सुरू झाले आणि चित्र गेलं.

आधी थरथरलं, मग चौकटी चौकटी झाल्या, मग काळं. दहा वाजता भारनियमनात लाइट गेली, लूम थांबले, आणि चित्र परत हजर, अगदी स्वच्छ. लाइट आली, लूम सुरू, चित्र गुल. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, कॅमेरा तुझ्या बॅटरीवर, दोघं ठणठणीत. फक्त लूम चालू असताना लूम दिसायचे नाहीत.

"म्हणजे मी बंद पडलेला धंदा बघत बसू?" हे म्हणाले. शकीलभाई म्हणाले, "भाभी, कैमरा लूम से शरमाता है." प्रत्येकाकडे आपापला उपाय होता. शकीलभाईंनी भिंगावर धूळ बसते म्हणून ते चार वेळा पुसलं. यांच्या मते भिंत हादरते, म्हणून कॅमेऱ्याखाली स्पंजाचा तुकडा घातला. तू बॅटरीच्या मागे लागलास. मी फक्त पुस्तिका उघडून पुन्हा त्याच पानावर बोट ठेवायचे आणि तू पुन्हा विचारायचास, "करंटला रंग कलतो का?" तुझा आवाज चढायला लागला होता. माझाही.

रविवारी सकाळी हे शांतपणे म्हणाले, "मंदा, उद्यापासून मी रोज एकदाच जाईन. सावकाश जाईन." मला कळलं की हे आता ऐकणार नाहीत. माझ्या हातात एक दिवस उरला होता.

नाना, मी तुला तोंडावर का बोलले नाही, तेही सांगते. एक्स्चेंजमध्ये नवीन मशीन आलं तेव्हाची गोष्ट तू एकदाच सांगितली होतीस, तीही काकू स्वयंपाकघरात असताना, हळू आवाजात. तू काहीतरी विचारायला गेलास आणि एक तरुण साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा, हे तुमच्या काळातलं नाही." तू चाळीस गावांच्या लाइनी जोडलेला माणूस, आणि तू खरंच जाऊन बसलास. पुढची दोन वर्षं, रिटायर होईपर्यंत, तू बसूनच होतास. आता मी, तुझीच शिकवलेली पोर, तुला पुस्तिका दाखवून तेच सांगू? तुमचा क्रम जुना झाला म्हणून?

म्हणून मी चोरी केली. दुपारी बोंबलाचं कालवण आणि भात जेवून तू बाहेरच्या खोलीत चटईवर आडवा झालास. तू घोरायला लागल्यावर मी तुझ्या पिशवीतून प्लग दाबायची पक्कड काढली. कॉम्प्युटरकडचं टोक कापलं. तुझा तो दागिन्यासारखा प्लग कचऱ्याच्या डब्यात टाकला. पुस्तिकेतलं चित्र पुढे ठेवून नारिंगी जोडी पहिली लावली. मनातल्या मनात "निळा, नारिंगी" चालूच होतं, त्यामुळे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं. शेडकडचं टोक संध्याकाळी तू गेल्यावर बदलीन, असा माझा बेत होता.

प्लग डबीत घातला आणि हिरवा दिवाच विझला. आधी निदान लुकलुकत तरी होता. अर्थातच, एका टोकाला एक क्रम आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. मला ते माहीत होतं, तरी तो मेलेला दिवा बघून मी प्लग काढून पुन्हा घातला. आणि मागे वळले तर तू दारात उभा.

खाली वाकून तो नवा प्लग हातात घेतलास, उजेडाकडे धरलास आणि एकेक तार बघितलीस. मी "नाना," एवढंच म्हटलं. तू पुस्तिका उचलून खिशात घातलीस, पिशवी खांद्याला लावलीस. "जरा शेडवर जाऊन येतो," म्हणालास आणि गेलास. तो पाऊण तास मी कसा काढला ते सांगता येणार नाही. आतल्या खोलीतून हे विचारत होते, काय झालं, काय झालं. मला वाटत होतं की तू तसाच खारबावला निघून जाशील आणि पुन्हा येणार नाहीस.

आणि मग डबीवरचा दिवा लागला. पडद्यावर लूम आले, आठही, चालू. धोटे इकडून तिकडे, शकीलभाई तीन नंबरपाशी वाकलेले. मागून भिंतीतून खटखट आणि समोर चित्र, दोन्ही एकाच वेळी. यांनी खुर्ची ओढली. "तीन नंबरचा ताना तुटलाय," एवढंच म्हणाले आणि त्यांनी शेडवर फोन लावला.

तू परत आलास, हात धुतलेस आणि सांगितलंस, "बॅटरीचा टर्मिनल सैल व्हता. आवललाय."

"बरं," मी म्हटलं.

झालं. तीन वर्षं एवढंच. आल्यागेल्याला तू तेच सांगायचास, टर्मिनल सैल होता, आणि शेवटी माझ्याकडे बघून, "करंटला रंग कलत न्हाय." मी हो म्हणायचे. पुढे दोन महिन्यांनी कल्याणच्या त्या दुकानदाराने मला खरं कारण समजावलं. असल्या तारेत तिसरा आणि सहावा दात मिळून एक जोडी होते. पुस्तिकेतली हिरवी जोडी फोडल्यासारखी दिसते, पण ती बरोबर त्या दोन दातांवर जाते आणि शाबूत राहते. आपल्या क्रमात तिसऱ्यावर नारिंगीची तार होती आणि सहाव्यावर हिरव्याची. म्हणजे जोडी फोडू नका म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडलेल्या माणसाच्याच हातून ती फुटली होती. आखूड तारेत ते चालून जातं. लांब तारेशेजारी लूमच्या आठ मोटारी सुरू झाल्या की त्यांचा गोंगाट आत शिरतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की त्या दुपारी तुला आधीच वाईट वाटलंय, आणि ते तुझ्या तोंडून ऐकावं लागेल.

बाकी काय काय मिळालं ते तू पाहिलंसच. हे दीड महिना खुर्चीतून उठले नाहीत. सोमवारी मी शाळेत गेले आणि दुपारी डबा खाल्ला, पूर्ण. तू दर आठवड्याला येऊन यांच्याशेजारी बसायचास आणि तुम्ही दोघं टीव्ही बघावा तसे लूम बघायचात. गप्पा काही नाहीत. अर्ध्या तासाने तू म्हणायचास, "सहा नंबर दमला," आणि हे फोन उचलायचे. आता हे रोज दोन तास शेडवर जाऊन येतात, जिना चढतात, माझ्याशी भांडतात. माझं कुंकू, माझी नोकरी, या घरातली संध्याकाळची चहाची वेळ, सगळं तू त्या तारेवरून ओढून आणलंस. हे तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. मी तुला फक्त बोंबील वाढत राहिले.

तू गेलास त्या दिवशी शकीलभाईंनी कुणाला न विचारताच शेड बंद ठेवली. खारबावहून परत आल्यावर हे सवयीने कॉम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर आठ लूम, सगळे थांबलेले.

आज शुक्रवार, लूमना सुट्टी. सकाळी मी यांना सांगितलं, मी शेडवर जाते आणि ती पेटी उघडून बघते. शकीलभाईंनी शिडी धरली. रबर काढलं. बॅटरी, तार, आणि पेटीच्या आतच कॅमेऱ्याला जोडलेला पारदर्शक प्लग. त्यात नारिंगी पहिली. ते अपेक्षितच होतं. प्लगच्या खाली सुतळीने बांधलेला टॅग होता. अगरबत्तीचा पुठ्ठा, वर सुताची बारीक धूळ. मी तो पदराने पुसला.

फॉल्ट : जोडी फुटली. ३ आणि ६.
चूक : लाइनमन.
काढला : मंदाकिनी.

मला जन्मभर बाय म्हणालास. माझं पूर्ण नाव तुला येतं हे मला त्या टॅगवर कळलं.

"उसी दिन बांधा था," शकीलभाई खालून म्हणाले. "पेन मुझसे मांगा था. लिखते लिखते हँस रहे थे नाना."

"हसत होते? नक्की?"

"अरे, जोर से, भाभी. मैंने पूछा भी, क्या हुआ. बोले, मेरी लड़की मुझसे आगे गई."

मी शिडीवरून खाली उतरले आणि लूमच्या मध्ये उभी राहिले. मोबाइल वाजला. घरून हे. "पडलीस का? रडतेस कशाला?" तेव्हा लक्षात आलं, मी कॅमेऱ्यासमोर उभी होते. पुन्हा वर चढून टॅगची सुतळी सोडवली, खाली आले आणि टॅग हात उंच करून कॅमेऱ्याकडे धरला.

"जरा स्थिर धर," हे म्हणाले. मग तिन्ही ओळी त्यांनी फोनवर सावकाश वाचल्या. "आणि आपल्याला तीन वर्षं टर्मिनल सांगत होता म्हातारा," ते म्हणाले.

नाना, तुझा टॅग मी होता तिथेच परत बांधला. पण तो बरोबर नाही, आणि हे मी तुला या वेळी तोंडावर सांगते. मी फॉल्ट काढला नव्हता. मी एकच टोक बदललं आणि होता तो दिवाही घालवला. तू ते माझं अर्धं काम हातात धरून बघितलंस, शेडवर गेलास, आपला प्लग आपल्या हाताने कापलास आणि माझ्या क्रमाला क्रम जुळवलास. दुसऱ्याच्या कामावर नाव घालणाऱ्याशी मी बोलत नाही, हा तुझाच नियम आहे ना? मग माझं नाव एकटं कसं ठेवू?

तुझ्या गठ्ठ्यातला एक कोरा टॅग मी सोबत नेला होता. शकीलभाईंकडून पेन घेतलं, तुझ्या टॅगच्या खाली तो तुझ्यासारखीच गाठ मारून बांधला आणि पेटीला रबर आवळलं. त्यावर एकच ओळ आहे.

दुसरं टोक : नाना.